सत्तावीस वाफे, नऊ पुंजणे

माझ्यावर सर्वात जास्त उपकार आहेत ते माझ्या मोठ्या मामाजींचे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. माझ्या गावची शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीच्या वर्षी मामाजी बंडी जुंपून आले, माझी पत्र्याची पेटी बंडीत ठेवली आणि मला आपल्या गावी घेऊन गेले. त्यांचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावला लागून. तिथून मी गोरेगावच्या शाळेत पायी जायचो. बारावीपर्यंत मामीच्या हातचं जेवलो, मामाजींच्या ओसरीत अभ्यास केला. पुढे जे काही झालं ते त्या ओसरीमुळे.

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. गोंदियाला माझ्या खोलीवर राहणाऱ्या पुसदच्या मित्राला मी सांगितलं तेव्हा तो हसतच सुटला होता. पण आमच्या भागात बहिणीचा मुलगा म्हणजे देवासमान. त्याच्या पायाला हात लावायचा, त्याला जड काम सांगायचं नाही, त्याचं नुकसान आपल्या हातून झालं तर ते पाप. मी दहा वर्षांचा असताना मामाजी पहिल्यांदा माझ्या पाया पडले तेव्हा मी लाजून मामीच्या मागे लपलो होतो. पुढे सवय झाली. सुटी संपवून गावाहून आलो की ते वाकायचे, मी त्यांचे खांदे धरायचो, आणि दोघंही घरात जायचो.

ही रीत आधी सांगितली, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

बीएस्सीनंतर मी गोंदियालाच वनस्पतिशास्त्रात एमएस्सीला प्रवेश घेतला. कुडव्याला एक खोली भाड्यानं घेतली होती, तिथून सायकलनं कॉलेजला जायचो. दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प करावा लागे. बाकीच्यांनी शेवाळ, बुरशी असले विषय घेतले. मी धान घेतलं. मला दुसरं काय येत होतं?

विषय असा: धानाच्या तीन जाती, सारख्याच मुदतीच्या. आणि तीन प्रकारे खत: नुसतं शेणखत, नुसती पोत्यातली खतं, आणि दोन्ही अर्धं-अर्धं, म्हणजे मिश्र. म्हणजे तीन गुणिले तीन, नऊ जोड्या. कोणती जात जास्त पिकते, कोणतं खत जास्त पिकवतं, आणि मुख्य म्हणजे एखाद्या जातीला एखादं खत विशेष मानवतं का, हे बघायचं. मार्गदर्शक सर म्हणाले, "प्रत्येक जोडी तीन वेळा लाव. पुनरावृत्ती पाहिजे. मग टू-वे ॲनोव्हा लावता येईल." मी मान हलवली. वहीत लिहून घेतलं. ॲनोव्हा म्हणजे फरक खरा की योगायोगाचा हे तपासायचं संख्याशास्त्रातलं गणित, एवढं ऐकून होतो. पुनरावृत्ती कशाला पाहिजे हे विचारायचं धाडस झालं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारावं असं सुचलंही नाही. गणिताच्या तासाला गप्प बसायचं आणि सूत्र पाठ करायचं हीच माझी पद्धत होती.

मामाजींनी घरामागची सर्वात चांगली बांधी, म्हणजे धानाचं शेत, मला दिली. तिच्यात बांधासारखे छोटे छोटे धुरे घालून आम्ही सत्तावीस वाफे पाडले. कोणत्या वाफ्यात काय लावायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. चिठ्ठ्या मामीनं उचलल्या. प्रत्येक वाफ्यात बांबूची एक कमची खोचून तिच्यावर रंगानं लिहिलेली पत्र्याची पट्टी बांधली. मामाजी सगळं मन लावून करत होते, पण त्यांना चैन पडत नव्हतं.

"बाबू, एक विचारू का?"

"विचारा ना मामाजी."

"हे एकच धान, एकच खत, तीन जागी कायले लावतेस? एका जागी लाव ना सारं. कापाले बरं, चुराले बरं."

"सरांनी सांगितलं तसं."

"सरानं सांगितलं, ठीक आहे. पन कायले?"

मी म्हटलं, "संख्याशास्त्रात लागते." ते "असंल" म्हणाले आणि कमची खोचू लागले.

रोवणीच्या दिवशी मी पँट गुडघ्यावर खोचून चिखलात उतरलो. कोणत्या वाफ्यात कोणते पऱ्हे, म्हणजे रोपं, जातात हे मलाच पाहायचं होतं. शेजारच्या बांधीवरचे काका धुऱ्यावर येऊन उभे राहिले. त्यांचं आणि मामाजींचं वर्षानुवर्षं असंच चालायचं.

"काऊन रे भाऊ," ते मोठ्यानं म्हणाले, "भाच्याले चिखलात उतरवला? बाया नाही भेटल्या का गावात?"

रोवणाऱ्या बाया खी-खी करून हसल्या. एक म्हणाली, "मामा बसला धुऱ्यावर अन् भाचा रोवून राहिला. पाहा व माय, कलियुग."

"तो सायन्स करून राहिला," मामाजी म्हणाले. "तुमाले का समजतं?"

"सायन्स कर, का बी कर. भाच्याच्या डोक्यावर भारा मात्र देशील नको बरं. बाकी आमी पाहून घेऊ."

सगळे हसले. मामाजीही हसले. पण ते त्यांच्या मनाला लागलं होतं हे मला नंतर कळलं.

पीक छान आलं. दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झाल्या आणि नेमकी त्याच वेळी माझी प्रात्यक्षिक परीक्षा लागली. मी मामाजींना सांगून गेलो की चार-पाच दिवसांत येतो, मग कापणी करू. इकडे आभाळ आलं. धान उभं होतं, पिकून वाकलेलं. आणि मामाजींच्या मनात तो धुऱ्यावरचा शब्द होता. भाचा येईपर्यंत थांबलं तर भाचाच कापेल, भाचाच भारे वाहील, गाव पाहील. त्यांनी माणसं लावली, स्वतः उभे राहिले आणि मी यायच्या आत सगळं उरकून टाकलं.

मामाजी बियाण्याचे पक्के. पंचक्रोशीतली माणसं बिजाई घ्यायला त्यांच्याकडे यायची, कारण त्यांच्या धानात भेसळ नसायची. एका जातीच्या धानात दुसऱ्या जातीचं एक लोंब दिसलं तरी ते कापणाऱ्याला बोलायचे. त्या दिवशीही ते तसेच वागले. प्रत्येक वाफ्याची पट्टी पाहिली. ज्या तीन वाफ्यांवर एकच जात आणि एकच खत लिहिलेलं होतं, त्या तीन वाफ्यांचे भारे एकत्र आणले आणि त्यांचा एक पुंजणा, म्हणजे गंजी, रचला. असे नऊ पुंजणे. नीट गोल, वरून तणसानं झाकलेले, पाणी आलं तरी आत थेंब जायचा नाही असे.

मी बसमधून उतरून थेट खळ्यावर गेलो. मामाजी धावत आले.

"तू येशील मनून मी सारं करून ठेवलो. पाहा. नऊच्या नऊ. एकात एक नाही मिसळलो. अन् हे घे." त्यांनी सुतळीत ओवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या माझ्या हातात दिल्या. "धुऊन ठेवलो. पुढच्या साली कामी येतील."

सत्तावीस पट्ट्या आणि नऊ पुंजणे. मी पुंजण्यांकडे पाहत राहिलो. आतल्या कोणत्या भाऱ्याचा कोणता वाफा, हे आता कोणालाही सांगता येणार नव्हतं.

"छान झालं मामाजी," मी म्हटलं.

जेवताना मी ताटातले वडे नुसते मोडत होतो. मामीनं दोनदा विचारलं, वडे बिघडले का म्हणून. मग मामाजींनी ताट बाजूला सारलं.

"का झालं? सांग ना. धान ओलं होतं का?"

"नाही मामाजी."

"मग जात मिसळली?"

"तेही नाही. तीन वाफे वेगळे ठेवायचे होते. एकाच जातीचे असले तरी. प्रत्येकाचं वजन वेगळं पाहिजे होतं."

"एकच धान अन् वेगळं?"

"हो."

त्यांनी हातावर पाणी घेतलं. मग म्हणाले, "आता का करतं?"

मी म्हटलं, काही होणार नाही, सरांना विचारतो. पण खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. सकाळी मी गोंदियाची बस पकडायला निघालो तेव्हा मामाजी नेहमीसारखे वाकले आणि नेहमीसारखे लगेच उठले नाहीत. मी खांदे धरून वर ओढलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. "भाच्याचं नुकसान झालं माह्या हातानं," एवढंच म्हणाले.

मार्गदर्शक सरांनी ऐकून घेतलं आणि पेन टेबलावर ठेवलं. "पुनरावृत्तीच गेली तर राहिलं काय? पुढच्या खरिपात पुन्हा कर." म्हणजे वर्ष गेलं. वडिलांना काय सांगायचं हे मला सुचत नव्हतं. त्याहून जास्त मामाजींना काय सांगायचं हे सुचत नव्हतं. मी नापास झालो असतो तर गावानं चार दिवस बोलून सोडून दिलं असतं. पण माझं वर्ष मामांमुळे गेलं हे एकदा ठरलं असतं, तर ते ओझं त्यांच्या डोक्यावरून कधीच उतरलं नसतं.

तरीही मी नऊ पुंजण्यांचं धान चुरून, म्हणजे मळणी करून, वाळवून, वजनं घेऊन आलो. कशासाठी ते माहीत नव्हतं. कॉलेजच्या संगणकाच्या खोलीत जाऊन बसलो. तिथे ॲनोव्हाची यादी उघडली की एकाखाली एक दोन ओळी दिसत. एकीत लिहिलेलं विथ रेप्लिकेशन, दुसरीत विदाऊट रेप्लिकेशन. पुनरावृत्तीसह आणि पुनरावृत्तीशिवाय. दुसरी ओळ मी आजवर पाहिलीच नव्हती. म्हणजे जगात दुसऱ्या कोणाचं तरी असं झालं असणार, असं मनात आलं आणि जरा धीर आला.

ती ओळ दाबण्याआधी मी संख्याशास्त्राच्या मॅडमना गाठलं. त्या मूळच्या गोंदियाच्या. शिकवताना मराठी आणि रागावताना हिंदी बोलायच्या. स्टाफरूममध्ये त्या डबा उघडून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, सांगता सांगता रडू आलं.

"अरे बेटा, रोना बंद कर. पहले बैठ," त्या म्हणाल्या. "किती आकडे आहेत तुझ्याकडे?"

"नऊ."

"नऊ आहेत ना? मग शून्य आहेत असं तोंड कशाला केलंस?"

त्यांनी माझी वही ओढली आणि तीन ओळी, तीन रकाने आखले. ओळीत जाती, रकान्यात खतं.

"आता बघ. हे नऊ आकडे म्हणजे नऊ बातम्या समज. त्यातली एक बातमी सगळ्यांची मिळून सरासरी सांगण्यात गेली. दोन गेल्या जाती-जातींतला फरक सांगण्यात. दोन गेल्या खता-खतांतला फरक सांगण्यात. किती उरल्या?"

"चार."

"या चारात काय आहे?"

मी खाली पाहिलं.

"नीचे मत देख, कागज देख." त्यांनी कोपऱ्यात एक छोटा तक्ता काढला. "समज पहिली जात शेणखतावर बारा किलो झाली आणि मिश्र खतावर पंधरा. म्हणजे मिश्र खतानं किती वाढवलं?"

"तीन."

"दुसरी जात शेणखतावर दहा झाली. मग मिश्र खतावर किती व्हायला पाहिजे?"

"तेरा."

"आणि झाली सोळा. हे वरचे तीन किलो आले कुठून?"

मी विचार केला. "त्या जातीला मिश्र खत जास्त मानवलं असेल."

"असेल. आणखी काय असू शकतं?"

आणखी काय असणार? मी डोळ्यांसमोर मामाजींची बांधी आणली. कडेचे वाफे आठवले, मोहाच्या झाडाची सावली पडायची तिकडचे. खालचे वाफे आठवले, तिथे पाणी जास्त दिवस थांबायचं. "तो वाफा खालच्या अंगाला असेल तर," मी हळूच म्हटलं, "पाण्यामुळंही होईल. जातीचा आणि खताचा काही संबंध नसताना."

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. "आता सांग, यातलं खरं कोणतं? मानवलं म्हणून, की पाणी थांबलं म्हणून?"

"एकाच आकड्यावरून नाही सांगता येणार."

"कधी सांगता येईल?"

आणि तेव्हा मला कळलं. ज्या गोष्टीचं मी तीन वर्षं सूत्र पाठ करत होतो ती गोष्ट स्टाफरूममधल्या त्या बाकावर मला पहिल्यांदा दिसली. तीच जात, तेच खत, तीन वाफ्यांत लावलं तरी तीन वजनं सारखी येणार नाहीत. सारख्या-सारख्यातच किती फरक पडतो हे आधी कळलं, तर मग वरचे तीन किलो मोठे की छोटे हे ठरवता येतं. सारख्यातला फरक अर्धा किलोचा असेल तर तीन किलो ही खरी बातमी. सारख्यातच चार किलोचा फरक पडत असेल तर तीन किलोंचं कौतुक नको. मामाजींनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. एकच धान तीन जागी कायले? तर त्याचा स्वतःचा स्वतःशी किती फरक पडतो ते पाहायला.

"म्हणजे त्या चार बातम्यांमध्ये दोन्ही मिसळलंय," मी म्हटलं. "मानवणं पण आणि वाफ्याचा फरक पण. मला वेगळं करता येत नाही."

"शाब्बास. ते वेगळं करता आलं तर ते पुनरावृत्तीसह. नाही आलं तर पुनरावृत्तीशिवाय. दुसऱ्यात तू एक गोष्ट गृहीत धरतोस. कोणती?"

"की कोणतंही खत सगळ्या जातींना सारखंच मानवतं."

"आणि ते गृहीत धरलंस की जातींबद्दल आणि खतांबद्दल तुला बोलता येतं. तिसऱ्या प्रश्नावर तोंड बंद. बस इतनी सी बात है. तुझ्या मामांनी तुझे तीन प्रश्न होते त्यांचे दोन केले. दोन प्रश्नांवर प्रकल्प होत नाही असं कोणी सांगितलं? जा, तुझ्या सरांशी मी बोलते."

त्या बोलल्या. सर आधी कुरकुरले, मग म्हणाले की विषयाचं नाव बदल आणि काय गृहीत धरलंस ते स्पष्ट लिही. स्टाफरूममधून मी बाहेर आलो. सायकल हातात धरून मी कुडव्यापर्यंत चालतच गेलो. वाटेत भज्यांच्या गाडीवर थांबलो आणि इतकी भजी खाल्ली की गाडीवाला म्हणाला, "भैया, घर में सब ठीक है ना?"

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी तक्ता पाहिला आणि पहिलाच प्रश्न तो.

"पुनरावृत्ती का नाही?"

"होती सर. माझ्या मामांनी कापणीत एक केली."

"कोणी?"

मी सगळं सांगितलं. भाच्याच्या डोक्यावर भारा द्यायचा नसतो हेही सांगितलं. मार्गदर्शक सर खिडकीबाहेर पाहू लागले. परीक्षक चष्मा काढून हसले. "मग जात आणि खत यांच्या परस्परसंबंधाबद्दल तुझं म्हणणं काय?"

"काहीच म्हणता येत नाही, सर."

"हे लिहिलंयस?"

"शेवटच्या पानावर."

त्यांनी शेवटचं पान उघडून वाचलं. "जा," म्हणाले. "आणि मामांना सांग, धान छान होतं."

मी पास झालो. गावातल्या किराणा दुकानात फोन होता, तिथे निरोप दिला. मामी नागऱ्याच्या महादेवाला नारळ बोलली होती, तो फोडून आली. पेढे वाटले. मामाजींनीही वाटले. पण मी गेलो तेव्हा ते पुन्हा तसेच वाकले, तसाच वेळ लावून उठले.

"मामाजी, मी पास झालो."

"त्यायनं केलं पास. देवमाणसं असतील. पन तुहं काम अर्धंच राहिलं ना?"

मी समजावायला लागलो की ते उठून जायचे. बैलाला पाणी दाखवायचं आहे, दोर वळायचा आहे, चहा घे. दोन महिन्यांत त्यांच्याशी या विषयावर धड बोलणं झालं नाही.

मग पेरणीच्या तोंडावर मी गेलो तेव्हा पाहिलं, त्या बांधीतले छोटे धुरे तसेच होते. उलट नवी माती घालून नीट केलेले.

"पऱ्हे टाकायचे आहेत," मामाजी म्हणाले. "तीन जाती. त्याच. खतं तीच. तू फक्त चिठ्ठ्या लिही, उचलाले मामी आहे."

"मामाजी, माझं झालं. आता नाही लागत."

"तुले नसंल लागत. मले लागतं."

मी चिठ्ठ्या लिहिल्या. सुतळीतल्या पट्ट्या निघाल्या, सत्तावीस वाफ्यांत खोचल्या गेल्या. माझी तोवर सालेकश्याकडच्या एका शाळेत शिक्षक म्हणून तात्पुरती नेमणूक झाली होती, त्यामुळे मधल्या काळात मी फारसा गेलो नाही. कापणीला मात्र मामाजींनी निरोप पाठवला: भाचा आल्याशिवाय विळा लागणार नाही.

त्या दिवशी खळ्यावर सत्तावीस जागा आखलेल्या होत्या. माणसं कापत होती. शेजारचे काका धुऱ्यावर होतेच.

"काऊन रे भाऊ, यंदा अंगनवाडी भरवतेस का? इतके लहान लहान पुंजणे?"

पहिल्या वाफ्याचा भारा बांधून झाला होता. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. "ये बाबू," म्हणाले. "तुह्या हिशोबाचं धान आहे. तूच ने." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं भारा उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. हात दोन क्षण तसाच वर धरून राहिले, ओझं बसलं की नाही ते बघत.

बाया कापायच्या थांबल्या. काका धुऱ्यावरून एक पाऊल पुढे आले. मग म्हणाले, "मान वाकडी करशील नको रे पोरा, सरळ चाल." त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं कामाचं वाक्य असेल.

वजनं झाली. सत्तावीस. सुटीच्या दिवशी मी गोंदियाला गेलो, कॉलेजच्या संगणकाच्या खोलीत ओळखीनं बसायला मिळालं. आकडे भरले, यादी उघडली आणि या वेळी पहिली ओळ दाबली. उत्तर पडद्यावर आलं ते मी तीनदा वाचलं. मग मॅडमना दाखवलं. "देखा?" त्या म्हणाल्या. त्याच आठवड्यात मी मामाजींना पत्र लिहिलं. समोर बसून सांगितलं असतं तर ते बैलाला पाणी दाखवायला उठले असते. पत्रातून उठून जाता येत नाही. मामाजी चौथी शिकलेले, अक्षरावर बोट ठेवून वाचायचे, म्हणून मी मोठ्या अक्षरात लिहिलं. पत्राची एक प्रत मी ठेवून घेतली होती. ती अशी:

"तीर्थरूप मामाजींना भाच्याचा नमस्कार. तुम्ही मला चरणस्पर्श लिहू देत नाही म्हणून नमस्कारच लिहितो.

रोवणीच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, एकच धान तीन जागी कायले. तेव्हा मला माहीत नव्हतं, म्हणून मी सरांचं नाव सांगितलं. आता सांगतो. मोहाच्या सावलीतला वाफा कमी पिकतो, खालचा जास्त पिकतो, हे तुम्हाला माहीतच आहे. धान तेच, खत तेच, तरी फरक पडतो. तो फरक किती हे तीन जागी लावल्यावर कळतं. तो कळला की मगच सांगता येतं की एखाद्या जातीला एखादं खत खरंच जास्त मानवलं, की नुसतं जागेमुळं तसं दिसलं.

मागच्या साली तुम्ही नऊ पुंजणे केले. त्यामुळे हा जागेचा फरक मला मोजता आला नाही. मग मी असं धरून चाललो की खत सगळ्या जातींना सारखंच मानवतं, आणि तसं धरून हिशोब केला. उत्तर आलं की मिश्र खत सर्वात चांगलं आणि तिन्ही जातींत आपल्या यादीतली मधली जात पुढे. धरलं ते बरोबर की चूक, हे तपासायला माझ्याजवळ काही नव्हतं. मलाही त्याची धाकधूक होती, ते तुम्हाला बोललो नाही.

यंदा तुम्ही सत्तावीस ठेवले, म्हणून तपासता आलं. जागेचा फरक मोजला. एखाद्या जातीला एखादं खत विशेष मानवल्याचा फरक त्याच्यापुढे लहान निघाला, इतका लहान की तो जागेमुळंही पडू शकतो. थोडंफार मानवत असेल तर ते या सत्तावीस वाफ्यांत दिसलं नाही, एवढंच मी म्हणू शकतो. पण मागच्या साली जे धरून चाललो होतो त्याच्या विरुद्ध काही निघालं नाही. आणि मिश्र खत यंदाही पुढे, मधली जात यंदाही पुढे.

म्हणजे मामाजी, मागच्या सालचं उत्तर यंदाच्या उत्तराशी जुळलं. माझं काम अर्धं राहिलं होतं ते तुम्हीच पुरं केलं. नऊ पुंजण्यांनी माझं काही नुकसान केलं नव्हतं, हे आता मी तुमचं मन राखायला म्हणत नाही, हिशोब करून म्हणतो. मॅडमनीही तपासून पाहिलं.

मामीला सांगा, चिठ्ठ्या तिनं बरोबर उचलल्या.

संक्रांतीला येतो. तेव्हा वाकायचंच असेल तर वाका, रीत आहे, मी अडवत नाही. पण लगेच उठा.

तुमचा भाचा."